कॅलिफोर्नियात जुनं घर विकताना कमोड, शॉवर, नळ यांचा कायदा: माहिती आणि अनुभव हवेत

माणगंगा (सनीव्हेल)

नमस्कार मंडळी,

आमचं सनीव्हेलचं घर विकायला काढतोय. लेक आणि नातू सिअ‍ॅटलला आहेत, आता तिकडेच जायचं ठरलंय. घर १९७२ चं, आम्ही घेतलं २००३ मध्ये. एजंटबाईंनी सह्यांसाठी कागदांचा गठ्ठा पाठवलाय. बरंचसं समजलं. वाळवी, छप्पर, गरम पाण्याच्या टाकीला भूकंपाचे पट्टे आहेत का, धुराचे आणि कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म आहेत का, वगैरे. एका पानाशी मात्र अडले. पाणीबचतीच्या मापात न बसणारे कमोड, शॉवर, नळ घरात आहेत का, ते लेखी द्यायचं आहे.

एजंटबाई म्हणाल्या, "बरेच जण 'माहीत नाही' लिहितात, तुम्हीही तसंच लिहा." मला ते पटेना. वीस वर्षांहून जास्त राहिले या घरात. संडासाच्या टाकीत किती पाणी मावतं ते ठाऊक नाही असं सही करून कसं लिहू? आणि ठाऊक नसेल तर मोजता येईलच की.

तर नेमका कायदा काय आहे? हे सगळं बदलल्याशिवाय घर विकताच येत नाही का? मोजायचं कसं? आणि कमी पाण्याचे कमोड तुंबतात म्हणतात, ते कितपत खरं?

-----

पाना_पक्कड (फ्रीमाँट)

माणगंगा ताई, 'माहीत नाही' लिहू नका. घरतपासणीचं काम करतो, त्यामुळे हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतोच. जरा लांबण लागेल, पण एकदाच नीट लिहितो.

कायदा २००९ चा आहे, सिनेट बिल ४०७. अ‍ॅलेक्स पाडिया तेव्हा राज्याच्या सिनेटमध्ये होते, त्यांनी आणलेलं. दिवाणी संहितेत कलम ११०१.१ पासून पुढे सापडेल. १ जानेवारी १९९४ पर्यंत बांधून वापरायला तयार झालेल्या इमारतींना तो लागू होतो. ही तारीख का, तर १९९२ च्या केंद्रीय ऊर्जा कायद्याने कमोड, शॉवर आणि नळांची कमाल मापं ठरवून दिली आणि ती १९९४ पासून अमलात आली. त्यानंतरच्या घरांत मुळातच कमी पाण्याची उपकरणं बसली. प्रश्न उरला जुन्या घरांचा.

कायद्याच्या दृष्टीने मापाबाहेरचं म्हणजे काय, ते बारकाईने वाचा. एका फ्लशला १.६ गॅलनपेक्षा (६ लिटर) जास्त पाणी वापरेल असा 'बनवलेला' कमोड. मिनिटाला २.५ गॅलनपेक्षा (साडेनऊ लिटर) जास्त पाणी देईल असा 'बनवलेला' शॉवर. आणि मिनिटाला २.२ गॅलनपेक्षा (सव्वाआठ लिटर) जास्त पाणी 'सोडणारा' घरातला नळ. शब्दांतला फरक लक्षात आला का? कमोड आणि शॉवर कसा बनवला ते बघतात, नळातून प्रत्यक्षात किती पाणी येतं ते बघतात. म्हणून नळाच्या तोंडाला कमी पाण्याचा एअरेटर, म्हणजे आपली जाळी, बसवली की नळ मापात आला. पण ५ गॅलनच्या कमोडच्या टाकीत पाण्याची बाटली ठेवली म्हणून तो मापात येत नाही. पाणी वाचतं, कायदा पुरा होत नाही. विटेबद्दल तर सांगतोच, ती टाकीत कधी ठेवू नका. भिजून तिचा भुगा होतो आणि तो खालच्या रबरी झाकणात अडकून टाकी अखंड गळत राहते.

आता विक्रीचं. एका कुटुंबाच्या घराची मुदत १ जानेवारी २०१७ लाच संपली. म्हणजे घर विका वा न विका, बदलण्याची जबाबदारी मालकावर त्या दिवसापासून आहेच. विकताना तुम्ही दोन गोष्टी लेखी द्यायच्या: असा कायदा आहे, आणि घरात मापाबाहेरचं काही आहे की नाही. राज्याचा कायदा व्यवहार अडवत नाही. पण नव्या मालकावर तीच जबाबदारी जाते, आणि त्याने वकील गाठला तर पहिला प्रश्न तुमच्या सहीबद्दल असेल.

शहरांचे नियम याहून कडक असू शकतात. तुमच्या शहराला फोन करून विचाराच.

-----

शेवंती (लॉस एंजेलिस)

पाना_पक्कड यांच्या शेवटच्या ओळीला जोरदार अनुमोदन. आमच्याकडे व्यवहार अडतो.

सासऱ्यांचं सॅन फर्नांडो व्हॅलीतलं (शहराच्या हद्दीतलंच) घर विकलं तेव्हाची गोष्ट. लॉस एंजेलिस शहरात एस्क्रो बंद होण्याआधी, म्हणजे मधल्या त्रयस्थाकडे ठेवलेले पैसे आणि कागद देऊन-घेऊन व्यवहार पुरा होण्याआधी, जलसंधारणाचा दाखला वीज-पाणी खात्याकडे जावा लागतो. कमोड, शॉवर, नळ मापात आहेत असं त्यावर असतं. आम्हाला कुणी वेळेत सांगितलंच नाही. बंद व्हायला सहा दिवस उरले असताना एस्क्रोवाल्यांचा फोन आला. मग धावाधाव. इथे रेट्रोफिट, म्हणजे जुन्या घरात नियमाप्रमाणे बदल, करून देणारे लोकच असतात. एकाच फेरीत कमोड बदलतात, भूकंप झाला की गॅस आपोआप बंद करणारा व्हॉल्व्ह बसवतात (तोही शहरात विक्रीच्या वेळी लागतो), पट्टे बांधतात आणि कागद हातात देतात. काम चांगलं झालं, पण घाईत त्यांनी आणले तेच कमोड घ्यावे लागले. सासऱ्यांच्या गुडघ्यांसाठी आम्ही आधीच उंच कमोड बसवला असता तर शेवटची दोन वर्षं त्यांना तरी वापरता आला असता. ही चुटपुट अजून आहे.

एक नीट बघा. पत्त्यात लॉस एंजेलिस असणं आणि घर शहराच्या हद्दीत असणं वेगळं. बरबँक, ग्लेनडेल, पॅसाडेना ही वेगळी शहरं, त्यांचे नियम वेगळे. सॅन डिएगो शहरातही मालकी बदलताना दाखला लागतो, बहिणीने दिलाय.

-----

गुलमोहर (अटलांटा)

हे फक्त कॅलिफोर्नियात नाही. आमच्या डिकॅल्ब काउंटीत १९९३ च्या आधीचं घर विकत घेतलं की नव्या मालकाच्या नावाने पाणी चालू करण्याआधी कमी पाण्याची उपकरणं असल्याचा दाखला द्यावा लागतो. म्हणजे इथे गाठ व्यवहाराला नाही, पाण्याच्या खात्याला मारलेली आहे. आम्ही घर घेतलं तेव्हा चावी हातात आणि पाणी नाही अशी वेळ येऊ नये म्हणून विकणाऱ्याकडून दाखला आधीच मागून घेतला.

-----

माणगंगा (सनीव्हेल)

सगळ्यांचे मनापासून आभार. पाना_पक्कड, तुमचं वाचून निम्मी काळजी गेली. शहराच्या कार्यालयात फोन केला. विक्रीसाठी आमच्याकडे वेगळा दाखला नाही, राज्याचाच कायदा लागू.

आज सकाळी मोजायला बसले. कसं मोजलं ते लिहिते, कुणाला उपयोगी पडेल.

दुधाचा गॅलनचा रिकामा कॅन, त्याचं तोंड कापून मोठं केलेलं, आणि फोनवरचं घड्याळ. शॉवर पूर्ण सोडला, कॅन १७ सेकंदांत भरला. म्हणजे मिनिटाला साडेतीन गॅलन. हा शॉवर आम्ही पुण्याहून हौसेने आणलेला, ताटाएवढा. त्यावर मापाचा आकडा कुठेच नाही. आतल्या बाथरूमच्या शॉवरवर मात्र २.५ कोरलेलं आहे. बेसिनच्या एका नळाची जाळी कधी तरी निघून गेलेली, तिथे कॅन २० सेकंदांत भरला, म्हणजे ३ गॅलन. स्वयंपाकघराचा नळ ठीक.

आता कमोड. आतल्या बाथरूमचा आम्ही २००९ मध्ये बदलला होता, सीटच्या मागे १.६ आणि ६ लिटर असं छापलंय. बाहेरच्या बाथरूमचा मूळचाच. टाकीचं झाकण उचललं आणि उलटं केलं, तर आतल्या बाजूला चिनीमातीत उमटलेला शिक्का: १९७२, एप्रिल. अँगल कॉक बंद करून फ्लश केला आणि त्याच कॅनने टाकी रेघेपर्यंत भरली. साडेचार कॅन गेले.

तो शिक्का बघून मी तिथेच स्टुलावर बसून राहिले. माझं माहेर आटपाडीकडचं. बहात्तरच्या दुष्काळात आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती, मी तिच्या कडेवर. घरी आणलेली एक घागर स्वयंपाकाला, प्यायला, आणि हात धुतलेलं पाणी शेळीला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ही टाकी कुठल्या तरी भट्टीतून निघाली.

आई इथे आली होती २००६ मध्ये. पहिल्याच दिवशी बाहेरच्या बाथरूमचा फ्लश ऐकून दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "आगं, येका टायमाला दोन कळशा पानी ग्येलं की!" मी तेव्हा म्हटलं, "आई, इथं पाण्याला तोटा नाही." आज मोजलं तर साडेचार गॅलन म्हणजे सतरा लिटर. तिने नुसत्या आवाजावरून सांगितलेला आकडा बरोबर होता. आणि पाण्याला तोटा नाही हे माझं वाक्य चूक होतं.

बदलायचं आता विक्रीसाठी नाही, बदलायचंच आहे.

-----

पाना_पक्कड (फ्रीमाँट)

ताई, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा.

मोजणी अचूक आहे. एक पुरवणी: टाकीत मावतं त्यापेक्षा एका फ्लशचं पाणी थोडं जास्तच असतं, कारण टाकी भरताना एक नळी भांड्यातही पाणी सोडत असते. म्हणजे तुमचा कमोड ५ गॅलनच्या घरातला, त्या काळचा तोच रिवाज होता. पुढे साडेतीन गॅलन आले, मग १९९४ नंतर १.६.

२००९ चा १.६ चा कमोड राहू द्या, तो मापात आहे. इथे बरेच जण गोंधळतात. मापाबाहेरचं ठरवायची रेघ १.६, पण एकदा बदलायला काढलं की नवं बसवायचं ते आजच्या बांधकाम नियमाचं. म्हणजे कमोड १.२८ गॅलन (४.८ लिटर), शॉवर १.८, बेसिनचा नळ १.२. दुकानात कॅलिफोर्नियात विकायला असलेला माल तसाच असतो, तुम्हाला वेगळं शोधावं लागणार नाही. पण शेजारच्या राज्यातून किंवा ऑनलाइन मागवाल तर आकडा वाचून घ्या.

जाळी घेताना जुनी सोबत न्या. आटे आतल्या बाजूला की बाहेरच्या, ते बघावं लागतं. काही नव्या नळांत जाळी आत लपलेली असते, ती काढायला प्लॅस्टिकची छोटी चावी लागते. ती चावी जपून ठेवा.

आणखी एक. बागेच्या नळाला दाबमापक लावून घरातला दाब बघा. नळाचं २.२ हे माप ६० पीएसआय दाबाला धरलेलं असतं. दाब ८० च्या वर असेल तर दाब कमी करणारा रेग्युलेटर हवाच, नाही तर नव्या वस्तूही लवकर खराब होतील.

-----

दूधसागर (डब्लिन, कॅलिफोर्निया)

माझं मत वेगळं आहे, स्पष्टच लिहितो. या राज्यात माणसाने वापरलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के शेतीला जातं. बदाम, अल्फाल्फा, द्राक्षं. आणि कायदा काय, तर म्हाताऱ्या माणसाने घर विकताना संडास बदलावा. आधीच विक्रीचा खर्च, त्यात हे. ज्याला नवं हवं तो नवा मालक बदलून घेईल की.

-----

माणगंगा (सनीव्हेल)

दूधसागर, तुमचा आकडा खरा आहे आणि तुमची चीडही समजते. आमचा खर्च मीही आता मोजतेय.

पण शेतीचं पाणी आणि आपल्या नळाचं पाणी एकाच हौदातून येतंच असं नाही. प्रत्येक गाव आपल्या धरणावर, आपल्या विहिरींवर, आपल्या कालव्यावर असतं. सॅन फ्रान्सिस्कोचं पाणी हेच हेच्चीमधून, योसेमिटीतल्या धरणातून येतं. लॉस एंजेलिसने १९१३ मध्ये ओवेन्स खोऱ्यातून कालवा आणला आणि तिथल्या तळ्याचा पार कोरडा पट्टा झाला. शहराला आणखी पाणी हवं म्हटलं की ते कुणाच्या तरी दारातून उचलावं लागतं. माझ्या माहेरच्या लोकांनी हे दुसऱ्या बाजूने पाहिलंय. धरण वर आणि गाव कोरडं.

२०१५ च्या एप्रिलमध्ये, ऐन दुष्काळात, तेव्हाचे गव्हर्नर ब्राऊन सिएरा पर्वतातल्या ज्या माळावर उभे राहिले होते तो फोटो आठवतो का? जिथे एरवी पाच फूट बर्फ असतं तिथे नुसतं वाळकं गवत. त्या दिवशी शहरांना २५ टक्के कपातीचा हुकूम निघाला. आम्ही अंगण वाळू दिलं, आंघोळी आवरत्या घेतल्या, भाजी धुतलेलं पाणी झाडांना घातलं. आणि बाहेरच्या बाथरूममध्ये हा कमोड दर खेपेला दोन कळशा ओतत होता. माझ्या लक्षातच आलं नाही. कुणी विचारलंच नव्हतं. विक्रीच्या कागदाने विचारलं म्हणून आज कळलं. म्हणून मला वाटतं, विक्रीच्या वेळी विचारणं बरोबर आहे. निदान एकदा तरी झाकण उचललं जातं.

-----

दूधसागर (डब्लिन, कॅलिफोर्निया)

ताई, शेतीबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. पण तुमचं शेवटचं वाक्य पटलं. आज घरी जाऊन झाकण उचलतो.

-----

आसावरी (सॅन होजे)

विक्री नसतानाही हा कायदा गाठतो, हे कुणी लिहिलं नाही म्हणून सांगते. २०१८ मध्ये आम्ही स्वयंपाकघर नवं केलं, रीतसर परवाना काढून. ओटा झाला, कपाटं झाली, शेवटच्या तपासणीला माणूस आला तो थेट वरच्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये गेला. मी चकित. तिथला कमोड साडेतीन गॅलनचा निघाला आणि परवान्यावर अंतिम शेरा मिळेना. १ जानेवारी २०१४ पासून एका कुटुंबाच्या घरात परवाना घेऊन बदल केले की घरातली सगळी मापाबाहेरची उपकरणं बदलावी लागतात, नुसती त्या खोलीतली नाही. ठेकेदाराला हे माहीत असायला हवं होतं, त्याने सांगितलं नाही. पंधरा दिवस लांबलं.

तुंबण्याच्या प्रश्नाबद्दल: ती भीती पहिल्या पिढीच्या कमोडमुळे बसली. १९९४ नंतर लगेच आलेल्या बऱ्याच कमोडांत टाकी लहान केली, पण भांड्याची आणि मागच्या वळणाची घडण जुनीच ठेवली, म्हणून दोनदा फ्लश करावा लागे. २००३ पासून मॅप नावाची चाचणी आहे. सोयाबीनची पेस्ट भरून एका फ्लशमध्ये किती ग्रॅम जातं ते मोजतात, १००० ग्रॅमपर्यंत. हे आकडे ऑनलाइन खुले आहेत. मी ८०० च्या वरचाच बघून घेतला आणि पाच जणांच्या घरात आजवर पंप मारावा लागलेला नाही. नुसतं कंपनीचं नाव बघू नका, त्या मॉडेलचा आकडा बघा.

-----

सिडनीहून (सिडनी)

आमच्याकडची रीत सांगते. न्यू साउथ वेल्समध्ये घरमालकाला भाडेकरूकडून पाणीवापराचे पैसे घ्यायचे असतील तर शॉवर आणि आतले नळ मिनिटाला ९ लिटरच्या आत हवेत आणि गळती नको. मार्च २०२५ पासून कमोडही दोन बटणांचे, पाणीबचतीच्या मानांकनात किमान तीन ताऱ्यांचे हवेत. नसतील तर पाण्याचं बिल मालकाच्या डोक्यावर. कॅलिफोर्नियात भाड्याच्या घरांचं काय?

-----

पाना_पक्कड (फ्रीमाँट)

सिडनीहून, चांगली रीत आहे ती. इथे एकाहून जास्त बिऱ्हाडांच्या इमारती आणि दुकानं-कचेऱ्या यांची मुदत १ जानेवारी २०१९ होती. तिथेही विकताना खुलासा द्यावा लागतो. शिवाय भाडेकरू राहायला येतो तेव्हा बसवलेली वस्तू तिच्या ठरल्या मापाने चालत असली पाहिजे, आणि बिघडलेली दिसली तर भाडेकरूने मालकाला कळवायचं, मालकाने दुरुस्त करायचं.

सवलती कुणाला, तेही लिहून टाकतो. नोंद झालेल्या ऐतिहासिक वास्तू, पाण्याची जोडणी कायमची तोडलेली इमारत, आणि जिथे नळजोडणीची रचनाच अशी आहे की बदल शक्य नाही असं परवानाधारक प्लंबर लिहून देतो ती. तिसरी पळवाट वाटते, पण मी अजून एकाही प्लंबरला साध्या घरासाठी तसं लिहून देताना पाहिलेलं नाही.

-----

कोथरूडकर (पुणे)

वाचतोय आणि नवल वाटतंय. इथे फ्लॅटच्या पुनर्विक्रीत सोसायटीचं ना हरकत पत्र, थकबाकी नसल्याचा दाखला, इंडेक्स टू, सगळं बघतात, पण टाकीत किती लिटर मावतात हे मला आजवर कुणी विचारलं नाही. वडिलांच्या जुन्या फ्लॅटमध्ये १० लिटरची टाकी आहे. सगळी बदलायची की आतलं यंत्र बदलून भागेल?

-----

आसावरी (सॅन होजे)

कोथरूडकर, आतलं यंत्र बदलून दोन बटणांचं करता येतं, पण जुन्या भांड्याला १० लिटरची ताकद लागते. ३ लिटरने ते नीट धुतलं जात नाही, मग माणसं मोठं बटणच दोनदा दाबतात. जमलं तर भांडं आणि टाकी जोडीने बदला. नळांच्या जाळ्या मात्र आजच बदलता येतील, त्याला प्लंबरही लागत नाही.

-----

माणगंगा (सनीव्हेल)

दोन आठवड्यांनी लिहितेय. काम झालं, पण सरळ झालं नाही.

आधी मापाचं. कमोड घेण्याआधी भिंतीपासून खालच्या बोल्टच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजायचं, भिंतीच्या पट्टीपासून नाही. आमचं १२ इंच भरलं, तेच सगळीकडे मिळतं. १० इंच असेल तर तसा मागवावा लागतो. नव्या कमोडसाठी पाणीसंस्थेकडून पैशांची सूट मिळते का ते विचारलं, तेव्हा कळलं की खरेदीच्या आधी अर्ज करायचा असतो. आम्ही थांबून अर्ज केला. ज्यांना घाई नाही त्यांनी हे लक्षात ठेवा.

शनिवारी ह्यांनी आणि मी मिळून जुना कमोड काढला. पाणी बंद केलं, टाकी आणि भांडं स्पंजाने टिपून कोरडं केलं, बोल्ट इतके गंजलेले की करवतीने कापावे लागले. उचलला तर खाली मेणाची रिंग, पन्नास वर्षांची, काळीभोर आणि कडक. आणि तिच्या कडेला फरशीखालची फळी ओली. मी जुन्या चमच्याने खरवडून बघितलं, तर लाकूड भिजलेल्या भाकरीसारखं हाताला आलं. फ्लँजचा, म्हणजे कमोडचे बोल्ट धरणाऱ्या खालच्या चकतीचा, एक कानही तुटलेला. म्हणजे कमोड किती वर्षं किंचित डुलत होता आणि दर फ्लशला थेंबभर पाणी खाली जात होतं, देव जाणे. वरून काहीच दिसत नव्हतं.

मग पाना_पक्कड यांना निरोप पाठवला. त्यांनी सांगितलं, आधी जमिनीतल्या सांडपाण्याच्या उघड्या पाइपच्या तोंडात चिंधीचा बोळा घाला, नाही तर गटाराचा वायू घरात येतो, आणि बसवताना तो बोळा काढायला विसरू नका. आम्ही चिंधी लाल रंगाची घेतली, म्हणजे नजरेतून सुटणार नाही. पुढचं काम सुताराला आणि परवानाधारक प्लंबरला दिलं. दोन फूट फळी बदलली, फ्लँज दुरुस्त झाला, नवी मेणाची रिंग, नवा अँगल कॉक, १.२८ चा कमोड.

पुण्याचा शॉवर उतरवला, १.८ चा लावला. पहिल्या दिवशी हे नाराज होते. मला फारसा फरक जाणवला नाही. मात्र गरम पाणी यायला आता थोडा जास्त वेळ लागतो, म्हणून खाली बादली ठेवते. ती लिंबाच्या झाडाला जाते. बेसिनला १.२ ची जाळी लावली. कॅन भरायला आता ५० सेकंद लागतात.

खुलाशाच्या कागदावर लिहिलं: मापाबाहेरचा कमोड, शॉवर आणि नळ होते, अमुक तारखेला बदलले, पावत्या जोडल्या आहेत. ओल्या फळीचंही लिहिलं, फोटोसकट. एजंटबाई म्हणाल्या, दुरुस्त झालेलं कशाला लिहिताय. मी म्हटलं, जे पाहिलं ते लिहितेय.

-----

शेवंती (लॉस एंजेलिस)

ताई, अगदी योग्य केलंत. फळीचं विक्रीच्या ऐन वेळी निघालं असतं तर किंमत पाडून मागितली असती, आणि विक्रीनंतर निघालं असतं तर मनस्ताप.

-----

दूधसागर (डब्लिन, कॅलिफोर्निया)

मी झाकण उचललं. १९८६, साडेतीन गॅलन, दोन कमोड. एक बदलून झाला, दुसरा पुढच्या महिन्यात. आसावरींनी सांगितलेले ग्रॅमचे आकडे बघून घेतला. माझ्या आईला दाखवला, ती म्हणाली आवाज कमी येतो.

-----

माणगंगा (सनीव्हेल)

दूधसागर, वाचून फार बरं वाटलं.

धागा मार्गी लावते. काल एस्क्रो बंद झाला. घर घेणारं तरुण जोडपं आहे, मुलगी दीड वर्षाची. त्यांच्या तपासनिसाने तीन ठिकाणी पाणी मोजलं, तिन्ही मापात. आईला फोनवर सांगितलं की आता एका खेपेला पाच लिटरच जातं. तिने विचारलं, "मग उरल्यालं कुटं जातं?" मी म्हटलं, धरणातच राहतं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "ऱ्हाऊ दे."

नव्या मालकांनी चावी घेताना विचारलं, नळाची जाळी चुन्याने भरली की काढायची कशी. ती प्लॅस्टिकची छोटी चावी मी स्वयंपाकघरातल्या वरच्या खणात, आतल्या बाजूला टेपने चिकटवून ठेवली आहे, आणि शेजारी दुधाचा तो कापलेला कॅन.